तीन आज्ञांच्या मागे: सोर्सपासून सॉफ्टवेअर बसवताना

टेसरॅक्ट हे छापील पानाच्या चित्रातून मजकूर उचलणारं सॉफ्टवेअर. 1985 ते 1994 या काळात ते ह्यूलेट-पॅकार्डमध्ये घडलं, 2005 मध्ये त्याचा सोर्स कोड (प्रोग्रॅमरनं लिहिलेला मूळ मजकूर) खुला झाला, आणि आज ते मराठीही वाचतं. ठाण्यात याला गिऱ्हाईक मिळणं अवघड नाही. ज्या शहरात 1893 सालचं मराठी ग्रंथ संग्रहालय आहे, तिथं गल्लीत एखादा तरी माणूस जुन्या पुस्तकांचे गठ्ठे राखून असतोच. नौपाड्यातले आमच्या ओळखीचे एक निवृत्त मुख्याध्यापक त्यांतलेच. या काकांच्या जुन्या लॅपटॉपवर उबंटू 22.04 ही लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम आहे. एका आज्ञेत टेसरॅक्ट बसतं, पण बसतं ते 4.1.1. पाचवी आवृत्ती नोव्हेंबर 2021 मध्येच आली होती आणि उबंटू 22.04 एप्रिल 2022 मध्ये आलं, तरीही.

याला आळस म्हणता येणार नाही. उबंटू ज्या डेबियनवर उभं आहे, त्यात 60 हजारांहून अधिक पॅकेजेस, म्हणजे बसवायला तयार करून ठेवलेली सॉफ्टवेअर, आहेत. एकाची आवृत्ती बदलली की त्याच्यावर विसंबलेली बाकीची पुन्हा तपासावी लागतात. प्रत्येक पॅकेजमागे कुणीतरी असतं. सोर्स उतरवायचा, कोणत्या सोयी चालू ठेवायच्या ते ठरवायचं, कंपाइल करायचं (सोर्सचे प्रोसेसरला कळणारे आदेश बनवायचे), फायली कुठं जातील ते पाहायचं, आणि पुढं सुरक्षेची भोकं निघाली की बुजवायची, ही सगळी कामं त्या व्यक्तीची. ‘कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल’ या तीन आज्ञा इंटरनेटवर कुठंही सापडतात. पण त्या चालवताना आपण त्या पॅकेजवाल्याच्या खुर्चीत बसलेलो असतो, हे सहसा कुणी सांगत नाही.

आधी, पाचवी आवृत्ती हवी कशाला? चौथ्या आवृत्तीपासून टेसरॅक्ट न्यूरल नेटवर्क वापरून अक्षरं ओळखतं, म्हणजे आत प्रचंड गुणाकार आणि बेरजा चालतात. चौथीत हे आकडे प्रत्येकी 8 बाइटचे होते, पाचवीत ते 4 बाइटचे केले. अक्षर ‘थ’ आहे की ‘य’ हे ठरवायला दशांशानंतरची पंधरा घरं लागत नाहीत. गेल्या दहाएक वर्षांतल्या बहुतेक प्रोसेसरमध्ये आकडे ठेवायला 256 बिटांची, म्हणजे 32 बाइटची, रुंद खोली असते. तिच्यात 8 बाइटचे चार आकडे मावतात, 4 बाइटचे आठ. एकाच आदेशात दुप्पट काम. शेकडो पानं स्कॅन केलेल्या माणसाला हा फरक जाणवतो.

आता कॉन्फिगर. गिटहब या संकेतस्थळावरून सोर्स घेतला तर आधी ऑटोजेन नावाची छोटी स्क्रिप्ट चालवावी लागते, आणि तिच्यातून कॉन्फिगर तयार होतं. ते चालवलं की पडद्यावर ‘चेकिंग’ने सुरू होणाऱ्या ओळींची रांग लागते. या ओळींच्या मागे खरोखरची तपासणी असते. कॉन्फिगर दोन-चार ओळींचे चिमुकले प्रोग्रॅम लिहितं, ते कंपाइल करून बघतं, आणि जमलं तर ‘येस’ छापतं. कंपायलर चालतो का? अमुक लायब्ररी (इतर प्रोग्रॅमना वापरता येणाऱ्या तयार कोडचा संच) आहे का? अमुक फंक्शन तिच्यात आहे का? ही पद्धत आली ती गरजेतून. ऐंशीच्या दशकात सन, आयबीएम, ह्यूलेट-पॅकार्ड अशा प्रत्येक कंपनीची युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम थोडीथोडी वेगळी होती, आणि एकच सोर्स सगळीकडे चालवणं म्हणजे डोकेदुखी होती. 1991 मध्ये डेव्हिड मॅकेन्झीनं कॉन्फिगर बनवून देणारं ऑटोकॉन्फ हे साधन सुरू केलं. त्याचं तत्त्व साधं होतं: यंत्राचं नाव विचारू नका, त्याला काय येतं ते करून पाहा.

काकांच्या लॅपटॉपवर ही रांग मध्येच थांबली.

‘अरे, एवढं भराभर पळतंय, यातलं मी वाचायचं काय?’

‘पळतंय तोवर काही नाही, काका. थांबलं की वाचा.’

थांबलेल्या ओळीत स्वच्छ लिहिलं होतं की लेप्टोनिका 1.74 किंवा त्यापुढची हवी, लिबलेप्टोनिका-डेव्ह हे पॅकेज बसवून पाहा. काकांचा आक्षेप रास्त होता. जुनं टेसरॅक्ट चालतंय, म्हणजे चित्रं हाताळणारी लेप्टोनिका मशीनवर आहेच की! आहे, पण फक्त चालवण्यापुरती. लायब्ररीची प्रत्यक्ष मशीन कोडची फाइल एक, आणि तिच्यात कोणती फंक्शनं आहेत, ती काय घेतात, काय परत देतात, हे सांगणाऱ्या हेडर फायली वेगळ्या. तयार प्रोग्रॅम वापरणाऱ्याला हेडर लागत नाहीत, कंपाइल करणाऱ्याला त्यांच्यावाचून पाऊल टाकता येत नाही. ‘डेव्ह’ शेपटीच्या पॅकेजमध्ये त्याच असतात. नवशिक्यांच्या बहुतेक अडचणी इथंच संपतात, असं माझं मत आहे.

यानंतर मेक. सी प्लस प्लसची एक फाइल कंपायलरला दिली की आधी तिच्यातल्या हेडरांचा मजकूर जागच्या जागी ओतला जातो. शंभर ओळींची फाइल इथं काही दहा हजार ओळींची होऊन बसते. मग त्या मजकुराचा अर्थ लावून प्रोसेसरचे आदेश तयार होतात आणि एक ऑब्जेक्ट फाइल बनते. अशा शेकडो ऑब्जेक्ट फायली जमल्या की लिंकर त्या एकमेकींना जोडतो: या फाइलमध्ये बोलावलेलं फंक्शन त्या फाइलमध्ये अमुक पत्त्यावर आहे, ते लायब्ररीत आहे, वगैरे. हे सगळं कोणत्या क्रमानं करायचं, हे मेक सांभाळतं.

मेकचा जन्म 1976 चा, अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेतला. स्टुअर्ट फेल्डमन यांच्या खोलीत सहकारी स्टीव्ह जॉन्सन चरफडत आले. एका प्रोग्रॅममधली चूक शोधण्यात त्यांची सकाळ वाया गेली होती, आणि चूक तर आधीच सुधारलेली होती. सुधारलेली फाइल पुन्हा कंपाइलच झाली नव्हती. फेल्डमन यांनी यावर काढलेला तोडगा आजही तसाच चालतो. सोर्स फाइलची वेळ आणि तिच्यापासून बनलेल्या फाइलची वेळ पाहायची, सोर्स नवी असेल तरच पुन्हा बनवायची. (मेकफाइलमध्ये आज्ञेच्या आधी टॅबच लागतो, स्पेस चालत नाही, हा छळही तेव्हापासूनचा. खटकलं तोवर डझनभर लोक ते वापरू लागले होते, म्हणून फेल्डमन यांनी तसंच राहू दिलं. आता जगभर टॅब.)

वेळेवर चालणाऱ्या या युक्तीचा फायदा ठाण्यात पावसाळ्यात कळतो. मध्येच वीज गेली आणि लॅपटॉपची बॅटरी मेलेली असली, तरी पुन्हा मेक दिलं की झालेलं काम सोडून ते पुढून सुरू करतं. याला एक अपवाद आहे. वीज जाताना जी ऑब्जेक्ट फाइल अर्धवट लिहिली जात होती, तिची वेळ ताजी असते, त्यामुळे मेकला ती पूर्ण वाटते, आणि शेवटी लिंकर भलतीच तक्रार करतो. अशा वेळी मेक क्लीन करून, म्हणजे बनलेल्या फायली पुसून, पहिल्यापासून सुरुवात करावी. जुन्या यंत्रांत आणखी एक गंमत होते. मदरबोर्डवरचा घड्याळाचा सेल संपलेला असतो, सुरू करताच तारीख काही वर्षं मागे जाते, आणि मेक ‘क्लॉक स्क्यू डिटेक्टेड’ असा इशारा देतं. फायली भविष्यातल्या दिसताहेत, म्हणजे काय नवं नि काय जुनं हे त्याला सांगता येत नाही. आधी घड्याळ लावायचं, मग पुढं जायचं.

‘मेक जे 4’ असं दिलं की चार फायली एकदम कंपाइल होतात. रॅम 4 जीबी असेल तर ब्राउझर बंद करून द्यावं, कारण सी प्लस प्लसची एकेक फाइल काही शे एमबी सहज खाते.

मेक इन्स्टॉल फायली नकलून जागेवर ठेवतं, नेहमी यूएसआरमधल्या लोकल या फोल्डरखाली. पॅकेज मॅनेजर (पॅकेजेस बसवणारा-काढणारा प्रोग्रॅम) तिथं हात लावत नाही, म्हणूनच ही जागा. त्यानंतर एलडी-कॉन्फिग ही आज्ञा चालवली नाही तर लायब्ररी सापडत नाही अशी तक्रार येते, कारण लायब्ररींच्या पत्त्यांची यादी सिस्टिम साठवून ठेवते आणि तीत नवा पत्ता चढलेला नसतो. मराठीची प्रशिक्षित फाइल वेगळी उतरवून टेसडेटा फोल्डरात ठेवावी लागते. जुन्या आवृत्तीसाठी बसवलेली फाइल नवीन टेसरॅक्ट शोधायला जात नाही.

‘म्हणजे आता हे पॅकेजपेक्षा सुरक्षित झालं ना? सगळं आपल्यासमोर बनलंय.’ काकांच्या या प्रश्नाचं उत्तर सरळ नाही. सोर्स आपण कंपाइल केला म्हणजे वाचला असं होत नाही. फायली दाबून लहान करणाऱ्या एक्सझेड या साधनाची गोष्ट याच कारणासाठी माहीत असावी. 2024 च्या सुरुवातीला त्याच्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत चोरदरवाजा घुसवला गेला. सोर्समधले बदल नोंदवणाऱ्या गिट या साधनाच्या, सर्वांना दिसणाऱ्या साठ्यात तो सुरू करणारी ओळ नव्हती, ती फक्त प्रसिद्ध केलेल्या सोर्सच्या गठ्ठ्यात, कॉन्फिगर ज्यापासून बनतं त्या फायलींत होती. खरा माल चाचणीच्या फायली म्हणून ठेवलेल्या, माणसाला वाचता न येणाऱ्या बायनरींत दडवलेला होता. अँड्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसच्या डेव्हलपरला आपल्या यंत्रावर एसएसएच लॉगिन (दुसऱ्या यंत्रावरून सुरक्षितपणे आत शिरणं) सुमारे अर्धा सेकंद जास्त घेतंय असं दिसलं. खोदत गेल्यावर हे सापडलं, आणि 29 मार्च 2024 रोजी त्यानं ते जाहीर केलं. आणखी खोचक भाग असा, की ती स्क्रिप्ट आधी डेबियन किंवा आरपीएम या प्रकारचं पॅकेज बनतंय का हे तपासत होती. घरी हातानं कंपाइल करणाऱ्याकडे ती गप्प बसायची. हल्लेखोराचा नेम पॅकेजवाल्यांवर होता, कारण तिथून एका फटक्यात लाखो यंत्रं मिळतात.

पण म्हणून हातानं बसवलेलं बरं, असा निष्कर्ष काढणं घाईचं ठरेल. चोरदरवाजा उघड झाल्यावर डेबियनसारख्या लिनक्स वितरणांनी लगेच जुनी आवृत्ती परत आणली, आणि नेहमीचं अपडेट करणाऱ्याला ती आपोआप मिळाली. यूएसआर-लोकलमध्ये स्वतः ठेवलेल्या गोष्टीला असं अपडेट कधीच येत नाही. ऐरोली-महापे पट्ट्यातल्या डेटा सेंटरांत शेकडो सर्व्हर सांभाळणारा माणूस प्रत्येक यंत्रावर मेक चालवत बसत नाही, त्याचं मुख्य कारण हेच. फार तर एका यंत्रावर बांधून त्याचं पॅकेज करतो आणि तेच सगळीकडे पाठवतो, म्हणजे काय कुठं आहे याची नोंद राहते. घरच्या यंत्रावरही ज्या एका सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती खरोखर हवी आहे तेवढंच सोर्सपासून बसवावं, आणि ज्या फोल्डरात मेक चालवलं तो पुसू नये. मेक अनइन्स्टॉल चालतं ते त्याच फोल्डरातून.

तो फोल्डर पुढं लागतोच. उबंटू 24.04 मध्ये टेसरॅक्ट 5.3.4 तयार मिळतं, तेव्हा सिस्टिम अपग्रेड केली की हा सगळा खटाटोप अनावश्यक ठरतो. पण आज्ञा शोधताना लिनक्स यूएसआर-लोकलमध्ये आधी पाहतं. हातानं बसवलेलं 5.0 काढलं नाही, तर नवं पॅकेज बसूनही चालत राहतं ते जुनंच. अपग्रेडनंतर टेसरॅक्टला आवृत्ती विचारावी, आणि 5.0 असं उत्तर आलं तर जुन्या फोल्डरात जाऊन मेक अनइन्स्टॉल द्यावं.