‘द रोड’ : राखेखालची गोष्ट

‘द रोड’ ही जळून राख झालेल्या जगातून वाट काढणाऱ्या बापलेकाची गोष्ट. ती आधी पडद्यावर पाहून मग कादंबरी हातात घेणाऱ्याला वाटतं, जग कशानं जळालं हे आता तरी कळेल. पण तिथंही १ वाजून १७ मिनिटांनी थांबलेली घड्याळं, प्रकाशाचा एक लांब झोत आणि पाठोपाठ दबके स्फोट, एवढंच. लेखक कॉर्मॅक मॅकार्थींना मुळात जगबुडीची गोष्ट सांगायचीच नव्हती.

आपल्या लहान मुलाला, जॉनला घेऊन ते टेक्ससमधल्या एल पासोला गेले होते. रात्रीचे दोन-तीन वाजले असतील. मुलगा गाढ झोपेत. जाग होती ती फक्त आगगाड्यांच्या आवाजाला. खिडकीतून शहराकडे बघता बघता, पन्नास-शंभर वर्षांनी इथं काय उरलेलं असेल, हा विचार त्यांच्या मनात आला आणि डोळ्यांपुढे डोंगरावर पेटलेल्या आगी उभ्या राहिल्या. त्यांनी दोनेक पानं लिहून ठेवली. पुढे सुमारे चार वर्षांनी, आयर्लंडमध्ये असताना, ही नुसती दोन पानं नसून एक बाप आणि त्याचा मुलगा यांचं अख्खं पुस्तक आहे, हे त्यांना उमगलं. मुलाखतींपासून आयुष्यभर लांब राहिलेल्या या लेखकानं ही हकिगत २००७ मध्ये अमेरिकी टीव्ही-मुलाखतकार ओप्रा विन्फ्रीला सांगितली. तेव्हा त्यांचं वय ७३ होतं. उतारवयात झालेल्या लेकराला आपण कुठवर पुरणार, ही धास्ती मला या कादंबरीच्या पानापानांत जाणवते. २००६ मध्ये आलेलं हे पुस्तक त्यांनी जॉनलाच अर्पण केलं. पुढच्याच वर्षी पुस्तकाला अमेरिकेतला मानाचा पुलित्झर पुरस्कार मिळाला.

दिग्दर्शक जॉन हिलकोट यांचा सिनेमा २००९ चा. त्यातली ओसाडी बरीचशी खरी आहे : पेनसिल्व्हेनियातला वापरातून गेलेला महामार्ग, कतरिना वादळानं उद्ध्वस्त केलेल्या न्यू ऑर्लिन्सचा परिसर, सेंट हेलेन्स ज्वालामुखीचा मुलूख. पुस्तकात ओझरती येणारी आई पडद्यावर शार्लीझ थेरॉनच्या रूपानं बरीच जागा घेते. उलट आगीवर भाजलेल्या अर्भकाचा पुस्तकातला भयंकर प्रसंग सिनेमात नाही. सिनेमा पाहिलाय म्हणून मन घट्ट झालं असेल, असं समजून कुणी वाचायला बसू नये.

व्हिगो मॉर्टेन्सननं बाप जीव ओतून उभा केला आहे. तरीही माझं मत पुस्तकाच्याच बाजूनं पडतं, ते त्यातल्या बापलेकाच्या बोलण्यामुळे. अवतरणचिन्हं नाहीत, ‘तो म्हणाला’ही क्वचितच, दोन-तीन शब्दांची वाक्यं एकाखाली एक येत राहतात. यातलं बरंचसं आपल्या मुलाचं, जॉनचंच बोलणं आहे, असं मॅकार्थींनी २००९ मध्ये सांगितलं. मी मेलो तर तुम्ही काय कराल, असं त्यानं विचारलं होतं. मलाही मरावंसं वाटेल, असं बापानं सांगितल्यावर, माझ्याजवळ राहता यावं म्हणून का, हा त्याचा पुढचा प्रश्न होता. ते संभाषण कादंबरीत जवळपास तसंच आहे.