उशिरा पोचलेला घोडेस्वार आणि तासगावचा बेदाणा

जर्मनीतल्या ऱ्हाइनगाऊ भागात, ऱ्हाइनच्या उत्तर काठावरच्या टेकडीवर श्लॉस योहानिसबर्ग ही वाइनची जुनी जहागीर आहे. इथं १७२० पासून रीसलिंग जातीची द्राक्षं आहेत. अंगणात एका घोडेस्वाराचा पुतळा आहे. अशा ठिकाणी राजा, फार तर संत असायचा; हा मात्र साधा निरोप्या, आणि तोही उशिरा पोचलेला.

बागा तेव्हा फुल्डाच्या मठाधिपतींच्या. तोडणीची परवानगी सुमारे दीडशे किलोमीटरवरून आणावी लागे. १७७५ साली ती आणायला गेलेला स्वार म्हणे दोनेक आठवडे रखडला. तोवर घडांत बुरशी शिरली, मणी तपकिरी होऊन सुरकुतले. टाकवेनात म्हणून त्यांचाच रस काढला, आणि वाइन अशी उतरली की उशिरा तोडणीची रीतच पडली. (हंगेरीतल्या तोकाय भागातले वाइनवाले यावर हसतील. त्यांच्याकडे हे शंभरेक वर्षं आधीपासून चालू होतं.)

बुरशीचं नाव बोट्रायटिस सिनेरिया. हीच बुरशी दमट हवेत अख्खे घड कुजवते. आपल्याकडचा बागायतदार तिचं कौतुक ऐकूनच घेणार नाही. योहानिसबर्गला फरक पडतो हवेमुळे. शरदात सकाळी नदीवरून धुकं चढतं, बुरशी रुजते. दुपारी दक्षिणेकडे तोंड केलेल्या उतारावर ऊन येतं आणि तिला आवर बसतो. धुकं रेंगाळलं तर नुसती कूज.

द्राक्षाच्या सालीवर मेणाचा पातळ थर असतो, म्हणून आतलं पाणी सहसा उडत नाही. तासगावला बेदाणा करताना घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणातून काढतात ते या थराची अडवणूक मोडायला. मग शेडमधल्या जाळीवर चार किलोंचा साधारण एक किलो होतो. योहानिसबर्गला हे काम बुरशीचे तंतू करतात. साल पोखरली की पाणी उडतं, साखर दाटते.

पण बुरशी तिथंच थांबत नाही. ती मण्यातलं आम्ल खाते, ग्लिसरॉल हा दाटसर, गोडसर पदार्थ तयार करते. अशा वाइनमध्ये सोटोलोन नावाचं गंधद्रव्यही सापडतं. ते मेथीदाण्यात भरपूर असतं; थोडं असलं की वास काकवी-कॅरमेलकडे झुकतो, जास्त झालं की थेट मेथी! मधाळ वाइनचं वर्णन करणाऱ्यांनी एकदा आपला मिसळणाचा डबा हुंगून पाहावा.

आता पाळी साखरेचं अल्कोहोल करणाऱ्या यीस्टची. इतक्या साखरेत त्याचा जीव गुदमरतो, कारण दाट पाक पेशीतलं पाणी बाहेर ओढतो. मुरांबा टिकतो तोही याच कारणानं. अगदी सुकलेल्या मण्यांच्या रसात अल्कोहोल कित्येकदा सात-आठ टक्क्यांवरच अडतं आणि उरलेली साखर वाइनमध्ये राहते.

खाली तळघरात जुन्या बाटल्यांचा साठा आहे. त्यातली सर्वांत जुनी १७४८ची, म्हणजे स्वार रखडला त्याच्याही सत्तावीस वर्षं आधीची.