देवमाशाच्या कानाने पाहिलं तर

देवमासे पाहायला निघालेल्या होडीवर एक वाक्य हमखास ऐकू येतं : "अजून थोडं जवळ घ्या ना!" लांबवर फवारा दिसलेला असतो, सगळ्यांचे मोबाइल सरसावलेले असतात, आणि ही मंडळी खूश होऊन परतली तरच उद्याची फेरी भरेल हे तांडेलाला ठाऊक असतं. तो इंजिनाला जोर देतो. होडीवरच्या कुणाच्या मनात काही वाईट नसतं, पण त्या क्षणी पाण्याखाली काय घडतं ते वरून कुणालाच दिसत नाही.

समुद्रातलं जगणं डोळ्यांपेक्षा कानांवर चालतं. कितीही नितळ पाणी असलं तरी थोड्या अंतरापलीकडे सगळं धूसर होतं. आवाज मात्र पाण्यात सेकंदाला सुमारे १५०० मीटर धावतो, म्हणजे हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक वेगाने. डॉल्फिन टिकटिक आवाज सोडतात आणि परत आलेल्या प्रतिध्वनीवरून मासा हेरतात. आई पिल्लाला आवाजानेच धरून ठेवते. अशा जगात होडीचा पंखा जोरात फिरू लागला की पात्यांभोवती असंख्य बुडबुडे तयार होऊन फुटतात. होडीच्या गोंगाटाचा मोठा भाग या फुटण्याचा असतो, आणि वेग वाढला की तो झपाट्याने वाढतो.

आता हंपबॅक व्हेलची बाळंतीण डोळ्यांपुढे आणा. थंड समुद्रात पोटभर खाऊन ती उष्ण पाण्यात पिल्लाला जन्म द्यायला येते. तिथे तिला जवळजवळ काहीच खायला मिळत नाही. अंगावर साठवलेल्या चरबीवर स्वतः जगायचं, त्याच चरबीचं दूध करून पिल्लाला वाढवायचं आणि मग हजारो किलोमीटर परत जायचं. म्हणून ती दिवसातला बराच वेळ पृष्ठभागाजवळ निश्चल पडून असते. आपल्याला ते कंटाळवाणं वाटतं, 'काही करतच नाही' असं होडीवर कुणीतरी म्हणतंही. खरं तर त्या स्वस्थपणातूनच पिल्लाचं दूध वाचत असतं.

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या एक्समाउथ आखातात या मायलेकरांच्या अंगावर लहानशी ध्वनिमुद्रक यंत्रं चिकटवून संशोधकांनी त्यांचं बोलणं ऐकलं. २०१७मध्ये त्यांनी सांगितलं की आई आणि पिल्लू एकमेकांशी इतक्या हळू आवाजात बोलतात की शंभर मीटरच्या आतच ते ऐकू जावं. ही कुजबुज बहुधा मुद्दाम असते, किलर व्हेलना आणि मादीच्या मागावरच्या नरांना सुगावा लागू नये म्हणून. मला हा सगळ्या समुद्रशास्त्रातला सर्वांत हळवा शोध वाटतो. आणि या कुजबुजीवर आपण इंजिन ओततो.

त्याच आखातात डेन्मार्कच्या ऑर्हूस विद्यापीठाच्या संशोधकांनी एक साधा, चतुर प्रयोग केला. होडी शंभर मीटरवर, म्हणजे बहुतेक नियमांत बसणाऱ्या अंतरावर ठेवली आणि पाण्यातल्या स्पीकरमधून इंजिनाचे आवाज कमी-जास्त पातळीवर सोडले. वरून ड्रोन चित्रण करत होता. आवाज हळू असताना आयांनी दखल घेतली नाही. तो मोठा केल्यावर त्यांची विश्रांती ३० टक्क्यांनी घटली, श्वासांचं प्रमाण दुप्पट झालं आणि पोहण्याचा वेग ३७ टक्क्यांनी वाढला. अंतर तेच, होडी तीच! २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाने माझी समजूत बदलली. तोवर मी फक्त मीटर मोजत होतो.

डॉल्फिनचं गणित वेगळं, पण नुकसान तसंच. हवाई बेटांजवळचे स्पिनर डॉल्फिन रात्रभर खोल पाण्यात शिकार करतात आणि दिवसा उथळ, वाळूच्या खाड्यांत झोपायला येतात. आपल्यासारखी गाढ झोप त्यांना परवडत नाही. अर्धा मेंदू विसावतो, अर्धा जागा राहतो. कळप एकमेकांना धरून संथ फिरत राहतो. पर्यटक नेमके त्याच वेळी 'डॉल्फिनबरोबर पोहायला' उतरतात. त्यांच्या दृष्टीने ती सकाळची मौज, पण डॉल्फिनसाठी मध्यरात्री कुणी दार ठोठावल्यासारखं. अमेरिकेने २०२१मध्ये हवाईत या डॉल्फिनपासून ५० यार्डांच्या, म्हणजे सुमारे ४५ मीटरच्या आत जायला बंदी केली. माझ्या मते पाण्यात उतरण्याच्या सहली घेऊच नयेत.

एकदा दचकवल्याने कुणी मरत नाही, हे खरं. पण तेच प्राणी, तीच खाडी, रोज, वर्षानुवर्षं? ऑस्ट्रेलियाच्या शार्क बे भागात डॉल्फिन दाखवणाऱ्या व्यावसायिक होड्या एकावरून दोन झाल्या, तेव्हा त्या पट्ट्यातले डॉल्फिन सुमारे १५ टक्क्यांनी कमी झाले, म्हणजे सातातला एक. आपल्यासारख्या हजारो निरुपद्रवी माणसांची ही बेरीज आहे.

हा व्यवसाय बंद व्हावा असं मी मुळीच म्हणत नाही. १९५५मध्ये सॅन डिएगोजवळ एक डॉलर घेऊन ग्रे व्हेल दाखवायला सुरुवात झाली. २००८पर्यंत ११९ देशांत वर्षाला सुमारे १ कोटी ३० लाख लोक अशा सहलींना जाऊ लागले होते. जिवंत देवमाशावर किनाऱ्यावरची माणसं पोट भरू शकतात, हे या व्यवसायाने दाखवलं. म्हणूनच तो नीट चालायला हवा.

नियम देशागणिक बदलतात, गाभा एकच. ऑस्ट्रेलियात देवमाशापासून किमान १०० आणि डॉल्फिनपासून ५० मीटर लांब राहायचं. देवमाशाबरोबर पिल्लू असेल तर ३०० मीटर. समोरून आडवं जायचं नाही, पाठलाग करायचा नाही, बाजूने समांतर आणि मंद चालायचं. एका वेळी जवळ तीनपेक्षा जास्त होड्या नकोत. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्याने तर तिथल्या संकटग्रस्त किलर व्हेलसाठी २०२५पासून हे अंतर १००० यार्ड, म्हणजे नऊशे मीटरहून जास्त केलं, कारण होड्या जवळ असल्या की या व्हेल, विशेषतः माद्या, शिकार सोडून देतात.

तिकीट काढण्याआधीच विचारा : किती अंतर ठेवता? आधीच होड्या असतील तर काय करता? 'हमखास स्पर्श', 'हमखास पोहणं' असं आश्वासन मिळालं तर दुसरी होडी शोधा. खाऊ टाकणारी होडीही नकोच, कारण खाण्यासाठी होड्यांकडे यायला शिकलेला डॉल्फिन पुढे पंख्यात किंवा गळात सापडतो. आणि समुद्रात गेल्यावर प्राण्याकडे बघा. तो एकाएकी दिशा बदलत असेल, जास्त वेळ बुडी मारत असेल, कळप घट्ट आवळला असेल, आई होडी आणि पिल्लाच्या मध्ये येत असेल, तर उत्तर मिळालं. अशा वेळी "परत फिरूया" हे प्रवाशाने म्हणण्याला वजन असतं. "जवळ घ्या" ऐकणारा तांडेल तेही ऐकतो.

किनाऱ्यावरून पाहणं तर सर्वांत निर्धोक. दक्षिण आफ्रिकेतल्या हर्मेनसच्या कड्यांवर उभं राहून सदर्न राइट व्हेल दुर्बिणीशिवायही दिसतात, आणि त्यांना आपला पत्ताही लागत नाही.

मेक्सिकोतल्या सान इग्नासिओ खाडीतल्या ग्रे व्हेलना शिकारी पूर्वी सैतान म्हणत, कारण पिल्लावर चाल आली की आया होड्यांवर तुटून पडत. १९७२मध्ये तिथल्याच एका मच्छीमाराच्या होडीशेजारी एक ग्रे व्हेल आपणहून येऊन थांबली आणि त्याने बिचकत हात लावला. आजही काही आया पिल्लांना घेऊन होड्यांपाशी येतात. खाडीचा एक भाग पर्यटकांच्या होड्यांना बंद आहे. उरलेल्या भागात तांडेल होडी मंद ठेवून वाट बघतो. कधी पाण्यातून डोकं वर येतं, कधी फवारे लांबच उडत राहतात, आणि वेळ संपली की होडी वळते.