हॅशटॅग, बंदूक आणि तयार मसुदा

सातारा जिल्ह्यात परवान्याची बंदूक साधारण कुणाकडे असते हे सगळ्यांना ठाऊक असतं. बँकेच्या दारातला निवृत्त फौजी, पाटण-जावळीकडे रानडुकरांनी बेजार केलेला एखादा शेतकरी, आणि घराण्याचा मान म्हणून बाराबोअर जपणारे काही. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात, चौकशी पोलिसांची, आणि निवडणूक लागली की बहुतेकांना शस्त्र जमा करायची नोटीस. १९५९ च्या शस्त्र कायद्यात २०१९ साली बदल झाला. माणशी तीनऐवजी दोनच बंदुकांची मुभा राहिली आणि लग्नावरातीत इतरांचा जीव धोक्यात घालून बार काढल्यास दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आली. त्यावर इथे सोशल मीडियावर कुणी भांडल्याचं मला तरी आठवत नाही.

अमेरिकेतल्या शाळेत गोळीबार झाला, की मात्र कराडच्या वसतिगृहातल्या पोरीच्या स्टेटसवरही तासाभरात मेणबत्ती दिसते. त्याने काही होतं का? समाजशास्त्रज्ञांनी आणि आकडेवारीवाल्यांनी या प्रश्नावर बरंच काम केलं आहे. त्यातून निघणारं उत्तर मला तरी 'होतं' किंवा 'नाही' यापेक्षा रंजक वाटतं.

आधी अमेरिकेची अडचण बघू. आपल्याकडे बंदूक ही सरकारने दिलेली सवलत आहे; तिथे शस्त्र बाळगण्याचा हक्क १७९१ पासून राज्यघटनेत आहे. जगभरातल्या शस्त्रांची मोजदाद करणाऱ्या 'स्मॉल आर्म्स सर्व्हे' या संस्थेच्या २०१८ च्या अंदाजानुसार तिथल्या नागरिकांकडे ३९ कोटींवर बंदुका होत्या, म्हणजे माणसांपेक्षा जास्त. डिसेंबर २०१२ मध्ये सँडी हूकच्या प्राथमिक शाळेत २० मुलं आणि ६ मोठी माणसं मारली गेली. खरेदीदाराची पार्श्वभूमी तपासण्याला तेव्हा जनमत चाचण्यांत दहातल्या जवळपास नऊ जणांचा पाठिंबा होता. इंटरनेटवर संतापाचा पूर आला. एप्रिल २०१३ मध्ये विधेयक सिनेटमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरच्या सभागृहात आलं, बाजूने ५४ मतं पडली, हवी होती ६०. विषय संपला.

पाच वर्षांनी, १४ फेब्रुवारी २०१८ ला, फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेत १७ जण मारले गेले. या वेळी वाचलेली मुलंच फोन घेऊन उभी राहिली. 'नेव्हर अगेन' हा हॅशटॅग आठवड्याभरात देशभर पोचला. बंदूकधारकांच्या एनआरए या बलाढ्य संघटनेच्या सभासदांना सवलत देणाऱ्या डेल्टा, युनायटेड, हर्ट्झ अशा कंपन्यांनी ती काढून घेतली. आणि ९ मार्चला, चोवीस दिवसही उलटायच्या आत, फ्लोरिडाच्या गव्हर्नरने कायद्यावर सही केली. त्यानुसार बंदूक विकत घ्यायला किमान वय २१ झालं, तीन दिवस थांबणं बंधनकारक झालं, आणि धोकादायक वाटणाऱ्या माणसाची शस्त्रं न्यायालयाच्या आदेशाने काही काळ काढून घेण्याची सोय झाली.

संताप दोन्ही वेळा सारखाच होता, मग फरक कशाने पडला? मला वाटतं, पहिली गोष्ट पत्त्याची, म्हणजे संताप कुठे नेऊन पोचवला याची. मुलं ट्विटरवरच थांबली नाहीत. बस भरून राज्याची राजधानी टॅलाहासीला गेली. अधिवेशन चालू होतं आणि संपायला थोडेच दिवस उरले होते. दुसरी गोष्ट, शस्त्रं काढून घेण्याचा कायदा कुणाला नव्याने लिहावा लागला नाही. कनेटिकटमध्ये तो १९९९ पासून होता, इंडियानात २००५ पासून. मुलांची मोठी मागणी होती लष्करी धाटणीच्या रायफलींवर बंदीची. ती चर्चेला घेण्याचा ठराव सभागृहाने ७१ विरुद्ध ३६ मतांनी फेटाळला, मुलं गॅलरीत बसलेली असताना. शिवाय शाळेतल्या काही कर्मचाऱ्यांना शस्त्र देण्याची तरतूदही त्याच कायद्यात आली, जी अनेक मुलांना नकोच होती.

आता शेअर करण्याच्या ताकदीबद्दल. अमेरिकेतल्या २०१० च्या निवडणुकीच्या दिवशी फेसबुकने ६ कोटी १० लाख लोकांवर एक प्रयोग केला. तो २०१२ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात छापून आला. काहींना मतदानाची नुसती माहिती दाखवली, काहींना त्यासोबत मतदान केलेल्या मित्रांचे फोटो. नुसत्या माहितीचा मतदानावर परिणाम जवळजवळ शून्य. फोटोंनी मात्र माणसं घराबाहेर काढली. एकूण सुमारे ३ लाख ४० हजार जादा मतं पडल्याचा अंदाज निघाला, आणि त्यातली बहुतेक संदेश पाहणाऱ्याची नव्हती, त्याच्या जवळच्या मित्रांची होती. फेसबुकवरच्या तोंडओळखीच्या शेकडो 'फ्रेंड्स'चा प्रभाव हिशोबात धरण्याइतकाही नव्हता.

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७८ साली मांडलेल्या गणितात हे बसतं. प्रत्येकाचा एक उंबरठा असतो: किती जण उतरले की मी उतरेन. ग्रामसभेत पहिला हात वर करणारे एक-दोनच असतात. बाकीचे आजूबाजूला बघून ठरवतात. इंटरनेट वर आलेले हात मोजून दाखवतं, म्हणून गर्दी लवकर जमते. पण जमलेली गर्दी पुढे काम करेलच असं नाही. सुदानमधल्या दारफूरच्या हिंसाचाराविरुद्ध फेसबुकवर दहा लाखांहून जास्त लोक एका मोहिमेत सामील झाले होते. संशोधकांनी नोंदी तपासल्या, तर बहुसंख्यांनी ना एक पैसा दिला, ना आणखी एक माणूस जोडला.

गंमत म्हणजे बंदुकीवरच्या सर्वांत यशस्वी मोहिमांपैकी एक कागदावरची आहे. १९९६ साली स्कॉटलंडच्या डनब्लेनमध्ये शाळेतली १६ मुलं आणि त्यांची शिक्षिका मारली गेल्यावर लोकांनी घरोघर आणि रस्त्यावर फिरून सात लाखांच्या आसपास सह्या गोळा केल्या. पुढच्याच वर्षी ब्रिटनमध्ये खासगी हँडगनवर, म्हणजे पिस्तूल-रिव्हॉल्व्हरवर, जवळपास पूर्ण बंदी आली. एक सही मिळवायला कुणाच्या तरी दारात उभं राहावं लागत होतं. हा त्रासच बहुधा खासदारांना दिसत असावा.

हे साताऱ्याच्या माणसाला वेगळं समजावून सांगावं लागू नये. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांना २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी पुण्यात गोळ्या घातल्या गेल्या. चारच दिवसांत जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा केला. महाराष्ट्र हादरला होता, फेसबुकवरही तेच चालू होतं. पण चार दिवसांत कायदा लिहून होत नाही. मसुदा कित्येक वर्षं सभागृहाचे उंबरे झिजवत होता, त्यातल्या कलमांवर अनेकदा कात्री चालली होती, आणि गावोगावचे कार्यकर्ते तो लोकांना समजावत फिरले होते. संतापाने दार उघडलं, तेव्हा आत न्यायला हातात कागद होता.

ऑनलाइन नागरिकाचं दुसरं काम कमी दिखाऊ आहे: हात आवरण्याचं. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली ट्विटरवरच्या सुमारे १ लाख २६ हजार बातम्यांचा माग काढला. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्क्यांनी जास्त निघाली, आणि ती पसरवणारी मुख्यतः माणसंच होती, यंत्रं नव्हेत. न्यूझीलंडमध्ये ख्राइस्टचर्चच्या मशिदींवरचा हल्ला मारेकऱ्याने फेसबुकवर थेट दाखवला, तेव्हा पहिल्या २४ तासांत कंपनीला त्या चित्रफितीच्या १५ लाख प्रती काढाव्या लागल्या. त्या चढवणाऱ्यांत निषेध म्हणून चढवणारेही असणारच. आपल्याकडे गावठी कट्टा हातात घेऊन रील टाकणाऱ्यांवर पोलीस कारवाई करतात, आणि आपण तीच रील 'बघा काय चाललंय' म्हणत गावच्या ग्रुपवर टाकतो.

फ्लोरिडाच्या कायद्याचं पुढे काय झालं? सही झाली त्याच दिवशी एनआरए न्यायालयात गेली. २०२५ मध्ये अपील न्यायालयाने २१ वर्षांची अट कायम ठेवली. दरम्यान ती पुन्हा १८ वर आणण्याची विधेयकं तिथल्या प्रतिनिधीगृहाने एकाहून जास्त वेळा मंजूर केली आणि राज्याच्या सिनेटमध्ये ती अडकली. त्या मतदानांची बातमी माझ्या फोनवर कुणीच पाठवली नाही.