मँडेटरीचे वीस टक्के आणि बोलून ठरवलेले चाळीस

रविवारी सकाळी दादरला टपरीवर मी आणि मन्या. मन्या लालबागचा, शाळेत असताना व्यायामशाळेत बॉक्सिंग शिकलाय, नाकाचं हाड एकदा मोडून घेतलंय, त्यामुळे या विषयात त्याच्यापुढे कोणी बोलायचं नाही असा आमच्या ग्रुपमध्ये नियमच आहे. विषय निघाला ब्रिटिश हेवीवेट बॉक्सर टायसन फ्युरीचा, म्हणजे फाइटच्या पैशातला किती वाटा त्याने समोरच्या बॉक्सरला द्यायचा, जोशुआला किती आणि व्हाइटला किती, आणि मन्या एकदम तापला. म्हणे, "जोशुआला चाळीस टक्के द्यायला तयार आणि व्हाइटला वीस? तो तर मँडेटरी होता रे, हक्काचा चॅलेंजर! सरळ लूट आहे."

आता गंमत अशी की दोन्ही आकडे खरे आहेत. पण हे दोन वेगळ्या बाजारांतले भाव आहेत आणि मन्याने ते एकाच पिशवीत भरले. हे खूप जण करतात, मीपण करायचो.

चाळीसवाला आकडा सप्टेंबर २०२२ चा. फ्युरी डब्ल्यूबीसी या बॉक्सिंग संस्थेचा चॅम्पियन, जोशुआ नुकताच युक्रेनच्या उसिककडून दुसऱ्यांदा हरलेला, म्हणजे नियमाने जोशुआचा काही क्लेम नव्हताच. फ्युरीने स्वतःहून ६०-४० ची ऑफर टाकली, कारण ब्रिटनमध्ये ही फाइट झाली असती तर तिकीट खिडकी फुटली असती. दोघांना एकमेकांची गरज, मग टक्के बोलून ठरतात, अगदी भाजीबाजारासारखं. ती फाइट झालीच नाही ते सोडा. मग २०२३ च्या मार्चमध्ये हाच फ्युरी उसिकला म्हणतो ७०-३०, उसिककडे तेव्हा तीन बेल्ट, म्हणजे तीन संस्थांची जेतेपदं, आहेत तरी, आणि उसिक म्हणतो चालेल, फक्त दहा लाख पाउंड युक्रेनला दे. तेही पुढे फिसकटलं. सांगायचा मुद्दा, अशा डीलमध्ये रेट कार्ड नसतं. मेवेदर-पॅकियाव २०१५ ला ६०-४० वर झालं ते पण असंच, दोघेही चॅम्पियन, आणि तिथे वाटणी एकूण धंद्याची होती, पे-पर-व्ह्यू, म्हणजे पैसे भरून टीव्हीवर फाइट बघणं, जितका विकला जाईल तितके दोघांचे वाढत जाणार.

मँडेटरीचं प्रकरण निराळं. एखाद्या संस्थेने, म्हणजे डब्ल्यूबीसी, डब्ल्यूबीए, आयबीएफ, डब्ल्यूबीओ यापैकी कोणी, सांगितलं की बाबा हा तुझा मँडेटरी, याच्याशी लढ नाहीतर बेल्ट ठेव खाली. आधी दोन्ही बाजूंना बोलायला मुदत देतात. पटलं तर पटलं, मग तीही बोलून झालेलीच डील. नाही पटलं की पर्स बिड. हे ज्यांच्या सोसायटीचं रीडेव्हलपमेंट झालंय त्यांना दोन मिनिटांत कळेल, कारण प्रमोटर, म्हणजे फाइट भरवणारे लोक, सीलबंद लिफाफ्यात आपली बोली आणतात, लिफाफे सगळ्यांसमोर उघडतात, सगळ्यात मोठा आकडा ज्याचा त्याला फाइट भरवायचा हक्क. आणि त्या आकड्याचे किती टक्के कोणाला, हे संस्था आधीच सांगून ठेवते. साधारण ७५-२५ च्या आसपास, आयबीएफच्या बिडला ६५-३५ पण पाहिलंय. इथे चॅलेंजरला फाइट मिळायची गॅरंटी आहे, भाव करायची ताकद मात्र नाही, आणि मन्याचा घोळ इथेच होता, त्याला वाटत होतं हक्क आहे म्हणजे पैसे जास्त मिळायला हवेत.

मग आम्ही बिस्किटाच्या पुड्याचा कागद उलटा करून व्हाइटचा हिशोब मांडला. जानेवारी २०२२, प्रमोटर फ्रँक वॉरनची बोली ४ कोटी १० लाख २५ हजार डॉलर, समोर मॅचरूम या प्रमोटर कंपनीची ३ कोटी २२ लाखांची. व्हाइटची बाजू म्हणत होती आमचा माणूस इंटरिम, म्हणजे हंगामी, चॅम्पियन आहे, ५५-४५ पाहिजे. डब्ल्यूबीसीने दिलं ८०-२०. पण आधी दहा टक्के बाजूला काढायचे, ते जिंकणाऱ्याला, म्हणजे ४१ लाख २ हजार ५००. उरले ३ कोटी ६९ लाख २२ हजार ५००. त्याचे वीस टक्के व्हाइटला: ७३ लाख ८४ हजार ५०० डॉलर. फ्युरीला २ कोटी ९५ लाख ३८ हजार, वर जिंकल्याचा बोनस. २३ एप्रिलला वेम्बलीत ९४ हजार लोकांसमोर सहाव्या राउंडला व्हाइट आडवा.

मन्या आकडा बघून थोडा वेळ गप्प. मग म्हणे, "तरी पण वीस?"

आणि इथे मला त्याचं थोडं पटतं. व्हाइट वर्षानुवर्षं लाइनीत उभा होता, मधे ऑगस्ट २०२० मध्ये रशियाच्या पोवेतकिनने त्याला झोपवला, मार्च २०२१ ला त्याने परतफेड केली आणि पुन्हा लाइनीत. एवढं करून शेवटी टक्केवारी ठरवणार तिसराच. पण दुसरी बाजू बघा, लिफाफ्यात चार कोटी कोणाच्या नावामुळे आले? वॉरन फ्युरीचाच प्रमोटर, त्याला माहीत होतं वेम्बली भरणार. दुसऱ्या कोणाच्या नावावर व्हाइटला पन्नास टक्के मिळाले असते तरी ७३ लाख हातात आले असते का, मला नाही वाटत. टक्के विचारण्याआधी कशाचे टक्के ते विचारायला पाहिजे.

हाच पोवेतकिन २०१३ ला स्वतः मँडेटरी होता, चॅम्पियन व्लादिमिर क्लिच्कोसमोर. रशियन व्यावसायिक रियाबिन्स्कीने बोली लावली २ कोटी ३२ लाख डॉलरच्या वर, बाकीचे आसपासही नव्हते. स्प्लिट (वाटणी) ७५-२५, म्हणजे क्लिच्कोला साधारण १ कोटी ७४ लाख, पोवेतकिनला ५८ लाख. पण फाइट झाली मॉस्कोत! बोली जिंकणारा जागा ठरवतो ना, म्हणजे चॅलेंजरच्या माणसाने टक्क्यात हार मानून घरचं मैदान विकत घेतलं. ऑक्टोबरमध्ये पोवेतकिन पॉइंटवर हरला ती गोष्ट वेगळी.

पर्स बिडचा अजून एक लोचा आहे जो बोलून झालेल्या डीलमध्ये कमी दिसतो. लिफाफ्यातला आकडा बॉक्सरांचा, पण गेट (तिकीटविक्री) आणि टीव्हीचं पुढे कितीही वाढलं तरी ते प्रमोटरचं, बॉक्सरला वेगळं काही लिहून दिलेलं नसेल तर त्याला आहे तेवढंच. बुडालं तर प्रमोटरचं बुडतं हेही खरं, आणि म्हणून कधी कधी प्रमोटरच पळतो. २०२१ ला चॅम्पियन टेओफिमो लोपेझ आणि त्याचा मँडेटरी, ऑस्ट्रेलियाचा जॉर्ज कंबोसॉस, यांच्या फाइटला ट्रिलर नावाच्या कंपनीने ६० लाख १८ हजार डॉलरची बोली लावली, सगळे चाट पडले. ६५-३५ ने कंबोसॉसच्या वाट्याला २१ लाख. मग लोपेझला कोविड, तारखा पुढे, अजून पुढे, शेवटी आयबीएफने ट्रिलरला डिफॉल्ट, म्हणजे बोली न पाळणारी, धरलं आणि फाइट दुसऱ्या नंबरच्या बोलीला गेली, मॅचरूमचे ३५ लाख ६ हजार. त्याचे ३५ टक्के काढा, सव्वाबारा लाख. टक्के तेच, पैसे जवळपास निम्मे. नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कला कंबोसॉस ती फाइट स्प्लिट डिसिजनवर, म्हणजे तीनपैकी दोन पंचांच्या मताने, जिंकला आणि बेल्ट घेऊन घरी गेला, आणि पुढची, डेव्हिन हेनीबरोबरची, मेलबर्नला त्याच्या स्वतःच्या लोकांसमोर, बोलून ठरवलेली. हरला तो तिथे, पण टेबलवर या वेळी चॅम्पियन म्हणून बसला होता.

आपल्याकडे वरळीच्या डोममध्ये ऑगस्ट २०१७ ला विजेंदर आणि चिनी मैमैतियालीची झाली होती ना, दोघांचेही बेल्ट पणाला, तेव्हा मन्या आत होता आणि मी बाहेर ट्रॅफिकमध्ये. मी त्याला विचारलं, त्या रात्री स्प्लिट काय होता तुला माहीत होता का? म्हणे, "मी तिकिटाचे पैसे दिलेले, तेवढंच माहितेय." मग कागद घडी करून खिशात घातला, चहाचे पैसे मात्र फिफ्टी-फिफ्टी.