बेसबॉल कार्डांचा काटकसरी संग्रह

अमेरिकेतील बेसबॉल खेळाडूंची छापील कार्डे थोडक्या पैशांत जमवण्याचा छंद. कार्डाच्या दर्शनी बाजूस खेळाडूचे चित्र किंवा छायाचित्र असते, मागे त्याची माहिती आणि आकडेवारी. १९५७ पासून अडीच बाय साडेतीन इंच हा आकार रूढ आहे.

लिलावांच्या बातम्या वाचून हा धनिकांचा खेळ वाटतो. टॉप्स या कार्डे छापणाऱ्या कंपनीच्या १९५२ च्या संचातले, मिकी मँटल या नामांकित खेळाडूचे एक कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरना विकले गेले. मुळात मात्र ही कार्डे दुसऱ्या मालाबरोबर वरकड म्हणून मिळत. १९०९ ते १९११ या काळात ती सिगारेटच्या पाकिटांतून येत, १९३३ पासून गाउडी कंपनीच्या च्युइंगमबरोबर. १९५२ मध्ये टॉप्सचे पाकीट एका किंवा पाच सेंटला पडे. पोरे ती कार्डे सायकलच्या चाकात अडकवून फटफट आवाज काढीत, रबरबँड लावून खिशात कोंबत. (च्युइंगमबरोबर मिळणारी क्रिकेटपटूंची चित्रे जमवलेल्या आपल्याकडच्या पिढीला हे वेगळे सांगायला नको.)

किंमत दोन गोष्टींवर ठरते: कार्डे किती उरली आणि कशा अवस्थेत उरली. मँटलचे कार्ड संचात ३११ व्या क्रमांकावर होते. संचाचा हा शेवटचा भाग हंगाम सरत आल्यावर बाजारात आला आणि पडून राहिला. १९६० मध्ये टॉप्सच्या साय बर्जर यांनी उरलेला साठा बार्जवर लादून अटलांटिक महासागरात बुडवला. एकीकडे असे दुर्मीळ कार्ड, तर दुसरीकडे संचातले बहुसंख्य साधे खेळाडू. त्यांना संग्राहक ‘कॉमन’ म्हणतात आणि काटकसरी संग्रह मुख्यतः त्यांच्यावरच उभा राहतो.

सर्वांत स्वस्त माल सुमारे १९८७ ते १९९४ मधला. १९८१ मध्ये फ्लीअर आणि डॉनरस या कंपन्या टॉप्सच्या स्पर्धेत उतरल्या, १९८८ मध्ये स्कोअर आली आणि १९८९ मध्ये अपर डेक. जुन्या कार्डांना भाव आलेला पाहून लोकांनी नवी पाकिटे न फोडता माळ्यावर रचून ठेवली. पोरांच्या कॉलेजची फी त्यातून निघेल असा हिशेब होता. कंपन्यांनीही वारेमाप छापले. सगळ्यांनीच जपून ठेवले, त्यामुळे कशालाच मोल उरले नाही. या काळाला ‘जंक वॅक्स’ हे नाव पडले. वॅक्स म्हणजे पाकिटाचा मेणकागद. गुंतवणूकदार बुडाले खरे, पण हौशी माणसाचे फावले. लाकडी फळीसारखी किनार असलेला १९८७ चा टॉप्स संच ७९२ कार्डांचा आहे. पुढे गाजलेल्या बॅरी बाँड्स आणि मार्क मॅग्वायर यांची सुरुवातीची कार्डे त्यात आहेत, तरी तो अख्खा संच नव्या पाकिटांच्या एका बॉक्सपेक्षा स्वस्त पडतो.

१९५०-६० च्या दशकांतली कार्डे हवी असतील तर तडजोड अवस्थेत करावी लागते. गोलावलेले कोपरे, मधोमध घडी, टाचणीचे भोक, चेकलिस्टवर (संचातल्या कार्डांची यादी छापलेल्या कार्डावर) पोराने पेनाने केलेल्या खुणा यांतले काहीही असले की भाव कोसळतो, आणि तरी समोरचा चेहरा तोच असतो. माझ्या मते अशी वापरलेली कार्डेच अधिक बोलकी. ग्रेडिंग कंपन्या कार्डाला १ ते १० असे गुण देऊन ते प्लॅस्टिकच्या पेटीत बंद करतात; स्वस्त कार्डाच्या बाबतीत त्यांचे शुल्कच कार्डाच्या किमतीहून जास्त होते, म्हणून काटकसरी माणूस त्या वाटेला जात नाही.

कार्डांच्या प्रदर्शन-बाजारात त्याची जागा ‘डाइम बॉक्स’पाशी असते. पुठ्ठ्याचे लांबट पांढरे खोके, त्यात उभी लावलेली शेकडो कार्डे, कुठलेही घ्या, दहा सेंट. (हल्ली डॉलरची खोकी अधिक दिसतात.) हातात क्रमांकांची यादी घेऊन गिऱ्हाईक दोन बोटांनी एकेक कार्ड पुढे लोटत जाते, सापडलेला आकडा खोडला की पुन्हा बोटे चालू. कार्डावर पाकिटाच्या मेणकागदाचा डाग असेल तर घरी नायलॉनच्या जुन्या स्टॉकिंगने हलके घासून तो काढायची युक्ती आहे. च्युइंगम चिकटून पाठीवर पडलेला तपकिरी डाग मात्र सहसा जात नाही.

खर्च वाचवू नये तो जपणुकीवर. पेनी स्लीव्ह हे पातळ प्लॅस्टिकचे पाकीट नावाप्रमाणेच चिल्लर किमतीचे आहे. जरा मोलाच्या कार्डाला टॉपलोडर, म्हणजे कडक प्लॅस्टिकचे पाकीट लागते. कार्डे लावायच्या वहीची नऊ कप्प्यांची पाने मात्र पीव्हीसीची नसावीत, त्यांनी कार्डे खराब होतात. आणखी एक स्वस्त वाट टपालाची: कार्ड, दोन ओळींचे पत्र आणि आपला पत्ता लिहून तिकीट लावलेले परतीचे पाकीट खेळाडूला पाठवायचे. कधी सही होऊन येते, कधी कार्डही हातचे जाते.

या छंदाचे आद्य सूचिकार जेफरसन बर्डिक सिरॅक्यूजच्या एका कारखान्यात विजेच्या सामानाचे काम करीत. टी-२०६ (१९०९ ते १९११ मधला सिगारेटबरोबरचा संच) यांसारखी संचनामे त्यांच्याच सूचीतली. संधिवाताने हात आखडत असतानाही त्यांनी तीन लाखांहून अधिक छापील वस्तूंचा आपला संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला दिला आणि १९६३ पर्यंत तिथे बसून तो वह्यांत लावला. आज लाखो डॉलर मोजले जाणारे, टी-२०६ संचातले होनस वॅग्नर या खेळाडूचे कार्डही त्यात आहे. ही कार्डे बर्डिक यांनी वह्यांच्या पानांवर चक्क गोंदाने चिकटवली होती.