घडीच्या चाकूचे नवे घाट: पार्श्वभूमी

खंडेनवमीला बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्र्यांत आणि लेथच्या कारखान्यांत यंत्रांबरोबर पाने, कानशी, पक्कड यांचीही पूजा होते. अलीकडे त्या मांडणीत घडीची पक्कडही दिसू लागली आहे. चाकू, करवत, स्क्रू ड्रायव्हर असे सगळे तिच्या दोन दांड्यांत दुमडलेले असते. एका हाताने उघडणारे चाकू, खिशाला अडकवायची क्लिप, पावडरपासून केलेले पोलाद, आणि आता तर पातेच नसलेली हत्यारे, असा सगळा माल ‘नवीन मॉडेल’ म्हणून विकला जातो. यातला जवळजवळ प्रत्येक बदल कुणाचे तरी काम अडले म्हणून झाला आहे. कुणाचे आणि कुठे, हे कळले तर पैसे कशावर घालायचे तेही कळते.

दुमडते पाते लोहयुगाइतके जुने आहे. ऑस्ट्रियात हॉलश्टाट इथे अडीच हजार वर्षांपूर्वीचा घडीचा चाकू सापडला आहे. केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात तिसऱ्या शतकातले रोमन हत्यार आहे: चमचा, काटा, सुरी, टोच्या, सगळे एकाच चांदीच्या मुठीत. आपल्याकडे चंचीतला अडकित्ता आणि एका कडीत ओवलेले कानकोरणे, दातकोरणे, चिमटा ही त्याच जातीची हत्यारे. सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या कारागिरांनी मुठीच्या पाठीत पोलादी पट्टी बसवली. पाते उघडताना ही पट्टी किंचित वर उचलली जाते आणि पाते सरळ झाले की खटकन खाली बसते. पाते कुलूपबंद होत नाही, पण आपोआप मिटतही नाही. साधा खिशातला चाकू आजही याच पट्टीवर चालतो.

पोलादाची गोष्ट मात्र आपल्याच दख्खनची आहे. म्हैसूर आणि तेलंगणाच्या पट्ट्यात लोखंड आणि लाकूडफाटा मातीच्या मुशीत बंद करून तापवत आणि सावकाश थंड करत. त्यातून भरपूर कार्बन असलेली पोलादाची गोळी निघे. १७९०च्या दशकात मुंबईतले डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी असे पोलाद लंडनच्या रॉयल सोसायटीकडे धाडले. जॉर्ज पिअरसन यांनी १७९५ साली त्याच्या तपासणीचा निबंध वाचला. तिथला चाकूकार जेम्स स्टोडार्ट याने त्यातून लेखणी तासायचा छोटा चाकू घडवला आणि पुढे या हिंदी पोलादाची तो जाहिरातच करू लागला. १८२०च्या सुमारास मायकेल फॅरेडेला सोबत घेऊन त्याने पोलादात इतर धातू मिसळण्याचे प्रयोग केले. मिश्र पोलादाच्या अभ्यासाची ही एक पहिली पायरी, आणि तिच्यामागे आपल्याकडच्या भट्ट्या आहेत. याचा मला मनापासून अभिमान वाटतो. म्हणूनच सांगतो: आज ‘दमास्कस’ म्हणून जे नक्षीदार चाकू विकतात, त्यांत बहुधा दोन प्रकारच्या पोलादांचे थर ठोकून जोडलेले असतात आणि आम्लाने नक्षी उठवलेली असते. मुशीच्या पोलादाशी त्यांचा संबंध नाही. नक्षी आवडली तर जरूर घ्या, पण धार थरांवर ठरत नाही. ती मूळ पोलादावर आणि त्याला पाणी कसे दिले यावर ठरते.

१८८४ साली स्वित्झर्लंडच्या इबाख गावात कार्ल एल्सनर याने चाकूचा कारखाना काढला. स्विस लष्कराची १८८९ची नवी रायफल खोलायला स्क्रू ड्रायव्हर लागे, म्हणून सैनिकाच्या चाकूत तो आला. १८९१ पासून एल्सनर लष्कराला चाकू पुरवू लागला. १८९७च्या त्याच्या अधिकारी-चाकूची खरी करामत मुठीच्या आत आहे: एकाच पट्टीवर दोन्ही बाजूंची हत्यारे पेलली जातात, त्यामुळे चाकू जाड न होता साधने वाढली.

त्याच दशकात, १८८८ साली, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलचे दुकान घातले. तिथून कडबा कापायचे यंत्र आले, मग लोखंडी नांगर. १९१० मध्ये जागा सोडावी लागल्यावर कारखाना कुंडलला गेला. बुद्धी आणि हात इथेही होतेच, पण आपले पाते शेताकडे वळले. घरात विळी, रानात विळा-कोयता. खिशात चाकू ठेवायची गरज फारशी कुणाला वाटली नाही.

पुढचे प्रश्न बोटांचे होते. जोर लावताना पाते मिटले तर बोट कापते. फ्रान्सच्या ओपिनेलने १९५५ साली पात्याच्या बुडाशी फिरती कडी बसवली, तर अमेरिकेच्या बक कंपनीने १९६४ साली पाठीत खटका आणला. १९८१ साली स्पायडर्को कंपनीने पात्याला गोल भोक पाडले आणि मुठीला क्लिप लावली. अथणीच्या द्राक्षबागेत डाव्या हातात फांदी धरून उजव्या हाताने सुतळी कापणाऱ्याला त्या भोकाचा उपयोग लगेच कळेल, कारण तिथे अंगठ्यानेच पाते उघडावे लागते. अमेरिकेचा टिम लेदरमन १९७५ साली जुनी फियाट घेऊन युरोपभर फिरला. गाडी सतत बिघडे, आणि खिशातल्या चाकूला पक्कड नव्हती. त्याची घडीची पक्कड १९८३ साली बाजारात आली.

आताचे पावडर-पोलाद वितळलेल्या धातूची भुकटी करून दाबून बनते. त्याने कण बारीक राहतात, धार टिकते. २०२१ साली आलेले मॅग्नाकट हे असे पोलाद धार टिकवते आणि गंजतही नाही. खानापूरच्या पावसात गंज न धरणे महत्त्वाचे, पण त्यासाठी साधे स्टेनलेसही पुरते आणि ते घरच्या सहाणेवर लावता येते.

पाते नसलेल्या हत्यारांना मात्र कायद्याने जन्म दिला. २००१ नंतर विमानात हातातल्या सामानात चाकू चालेनासा झाला. बेळगावच्या सांबरा विमानतळावरून निघतानाही तो मोठ्या बॅगेत टाकावा लागतो. ब्रिटनमध्ये सहज जवळ बाळगायला तीन इंचांपर्यंतचे, खटका नसलेले घडीचे पातेच चालते. २०२४ साली एल्सनरच्याच व्हिक्टोरिनॉक्स कंपनीने बिनपात्याच्या हत्यारावर काम सुरू असल्याचे जाहीर केले. आपल्याकडच्या शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पाती येतात, आणि घरकाम, शेती, उद्योगाची हत्यारे त्यातून वगळलेली आहेत. त्यामुळे बिनपात्याचे हत्यार लेथवरच्या फिटरला सोयीचे असले, तरी बागायतदाराने त्यासाठी चांगला चाकू टाकून देण्याचे कारण नाही.